आमचे भाऊजी, त्यांचे पानसेजी

आमचे भाऊजी प्रत्येक वाक्यानंतर थांबत. ऐकणाऱ्यांना हसायला जागा मिळावी म्हणून. स्टेजवर ही सवय कामाची होती, पण ती त्यांनी घरीही आणली. जेवताना "वहिनी, मीठ द्या जरा," असं म्हणत, हनुवटी किंचित वर करून पाण्याचा घोट घेता येईल इतका वेळ थांबत, आणि मग "लिंबू पण" म्हणत. त्या मधल्या वेळात त्यांचा चेहरा असा होई, की मागच्या रांगांत मंडळी बसली आहेत आणि त्यांचं हसणं ओसरायची ते वाट बघताहेत. सवय नसलेला माणूस बिचकत असे. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तर खरंच मागे वळून पाहिलं होतं.

नील, रेवा, तुम्ही त्यांना फक्त फोनवर पाहिलं आहे. ते म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, शरद पानसे. तुम्ही पाहिलेत ते पानसेजी. त्यांचं नाव तेच, आवाज तोच, चेहराही तोच. तरी ते दोघे एक नव्हते, आणि तो फरक तुम्हांला माहीत असायला हवा म्हणून हे लिहिते आहे. रेवाला आईने वाचून दाखवावं.

भाऊजींनी सारी नोकरी इथे हिंदी मुलखात, रांझीच्या फॅक्टरीत केली. सकाळी सायकल, पुढे स्कूटर, डब्यात पोळी-भाजी. गणपतीत मात्र आपल्या मराठी मंडळात त्यांचा एक कार्यक्रम ठरलेला असे. अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत, आणि सगळा स्वतःवर. स्वतःचं टक्कल, स्वतःचा कंजूषपणा, साहेबांसमोर स्वतःची उडालेली भंबेरी. दुसऱ्या कुणाची टिंगल त्यांनी कधी केली नाही. "आपला माल वापरावा वहिनी," ते म्हणत, "परक्याच्या मालाला परवानगी लागते." बायकोवर तर एकही विनोद नव्हता. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "तिच्यावर केला तर ती हसणार नाही. ती हसली नाही तर मी पुढचं विसरतो."

त्यांची बायको, माझी जाऊ, कुसुम. ती नागपूरची. बुटकी, कामाला चटपटीत, बोलायला थोडी. मंडळात ती नेहमी दुसऱ्या रांगेत कडेला बसे आणि भाऊजी सगळा कार्यक्रम तिच्याकडे बघून करत. बाकीच्यांना वाटे आपल्याकडे बघताहेत.

निवृत्तीनंतर मंडळातल्या कुणीतरी त्यांच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला, तो फिरला, आणि एका कंपनीची माणसं घरी आली. त्यांना हिंदीत मालिका करायची होती. फॅक्टरीतून निवृत्त झालेला, लोकांना हसवणारा एक मराठी म्हातारा. नट शोधायचा नव्हता. भाऊजींनी भाऊजीच व्हायचं, नावही तेच ठेवायचं, फक्त गोष्टीसाठी थोडं इकडचं तिकडे करायचं. इकडचं तिकडे म्हणजे एवढंच, की मालिकेतले पानसेजी विधुर होते. घरात एकटे राहणार, भिंतीवरच्या बायकोच्या फोटोशी बोलणार. मालिकेचं नाव ठरलं 'पानसेजी अकेले हैं'.

फोटो कुणाचा लावायचा हा प्रश्न आला. कंपनीकडे तयार फोटो होते, कुठल्या कुठल्या बायकांचे. भाऊजींनी ते बघितले, परत केले, आणि घरी येऊन कपाटातून कुसुमचा फोटो काढून दिला. भेडाघाटला गेलो होतो तेव्हाचा, हिरव्या काठाच्या साडीतला, जरा हसरा. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे सांगायला कुणी शास्त्री लागत नाही. भाऊजींनाही ते ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. "परक्या बाईशी मला बोलता येत नाही वहिनी. मी प्रयत्न करून पाहिला. तोंडातून शब्द निघत नाही." मग थांबले. या वेळी ते कुणाच्या हसण्यासाठी थांबले असतील असं मला वाटलं नाही.

पहिला भाग आम्ही सगळ्यांनी आपल्या राइट टाउनच्या घरी पाहिला. मी खोव्याची जलेबी मागवली होती. पडद्यावर भाऊजींची बैठकीची खोली दिसली, तीच पोपटी भिंत, तोच खिडकीचा गज. मग कॅमेरा भिंतीवर गेला आणि चंदनाच्या हारातून कुसुम आमच्याकडे बघून हसली. पडद्यावरच्या भाऊजींनी उदबत्ती लावली आणि म्हणाले, "कुसुम, सुनती हो?" नावसुद्धा बदललं नव्हतं. खोलीत कुणी जलेबीला हात लावेना. भाऊजी हळूच कुसुमकडे वळले.

"कशी दिसलीस?"

"मेलेली," कुसुम म्हणाली, आणि बशा गोळा करायला उठली.

मालिका चालली. हिंदी मुलखात घरोघरी चालली. रांझीच्या बाजारात भाजीवालीने कुसुमला पाहिलं आणि तिच्या हातातला तराजू खाली पडला. "अम्मा, आप तो..." एवढंच ती बोलू शकली. कुसुमने शांतपणे टोमॅटो निवडले. "हाँ, गई थी. कैसे दिए?" ही हकीकत मला सांगताना ती स्वतः हसली होती. पण पुढची सांगताना हसली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नव्याने लग्न होऊन आलेली मुलगी होती. तिने कुसुमसमोर करंडा धरला आणि तिचं बोट मध्येच थांबलं. मग तिने कुंकू लावलं, पण बोट कपाळावर जरा जास्तच वेळ ठेवलं. कुसुम म्हणाली, "ताई, ती कुंकू नव्हती लावून राहिली. मी गार आहे का ते बघत होती."

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. शकुन-अपशकुनाच्या गोष्टींना मी घरात थारा दिला नाही. म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगते.

एकदा कुसुमला आणि मला भाऊजी सेट दाखवायला घेऊन गेले. रिछाईत एक बंद पडलेला कारखाना होता, त्याच्या शेडमध्ये त्यांनी भाऊजींचं घर उभं केलं होतं. मोठ्या अंधाऱ्या शेडमध्ये मधोमध लखलखीत उजेडात एक खोली, तीन भिंतींची. खुर्चीच्या हातावरचा चहाचा डागसुद्धा त्यांनी रंगवून काढला होता. कुसुम खोलीभर हिंडली. मग उजव्या हाताच्या दाराशी गेली, जिथून घरी ती दिवसातून शंभरदा आत-बाहेर करते. तिने दार ढकललं. पलीकडे काळं कापड होतं आणि त्याच्या मागे अंधार.

"स्वयंपाकघर कुठाय?" तिने विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "लागत नाही ना. तू नाहीस तर आत कोण जाणार."

ते सहज बोलले. कामातलं बोलले. कुसुमने दार पुन्हा नीट लावून घेतलं आणि परतीच्या वाटेवर गाडीत तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता, कडक उन्हाळा असून.

त्यानंतर केव्हातरी भाऊजींनी तालमीसाठी तसाच एक फोटो घरी आणला. बैठकीतल्या फ्रिजवर ठेवला, हारासकट. हार काढायला कुसुमने सांगितलं तर म्हणाले, "हार नसला तर ओळच सुचत नाही गं." सकाळी फिरून आले की ते फोटोसमोर उभे राहत आणि बोलत. तालीम म्हणून सुरू झालं ते, पण मालिकेतलं बोलणं संपून घरातलं कधी सुरू होई ते कळत नसे. "कुसुम, आज गुडघा बरा आहे. पेन्शनवाल्याने पुन्हा हयातीचा दाखला मागितला." मग ते थांबत, ऐकत, आणि मान डोलावत. आत ओट्याशी उभी असलेली कुसुम तिथून उत्तर देई. तिचं उत्तर एक असे आणि भाऊजींनी मान डोलावलेलं दुसरंच काही असावं, कारण पुढचं वाक्य तिच्या उत्तराला धरून नसायचं. मी स्वतः ऐकलं आहे. त्यांच्या ब्लडप्रेशरची गोष्ट कुसुमला अशीच कळली, दाराआडून, फोटोला सांगताना.

त्या दिवशी ती ऑटो करून माझ्याकडे आली. कधी काही न मागणारी बाई. म्हणाली, "ताई, मला दुसरं काहीच नको. ह्यांनी मला त्या सीरियलमध्ये एकदा जिवंत करावं. सगळ्यांसमोर. एकदा उठवलं की मग हे पण पाहतील माझ्याकडे."

मी भाऊजींना सांगितलं. ते लगेच कबूल झाले; वाईट मनाचा माणूस नव्हताच तो. "या सीझनला उठवतो," म्हणाले. पण लिहिणारे ऐकेनात. लोक फोटोसाठीच बघतात, ते म्हणत. म्हातारा मिस्कील आहे म्हणून हसतात आणि एकटा आहे म्हणून परत येतात. पुढच्या सीझनला, पुढच्या सीझनला, असं होत गेलं. शेवटी भाऊजी हटून बसले. म्हणाले, कुसुम परत आल्याशिवाय मी कॅमेऱ्यासमोर उभा राहणार नाही. कंपनीने मग एक गोष्ट रचली, की पानसेजींची बायको मेलेलीच नव्हती, मेळ्यात हरवली होती, आता परत येते. तिचं काम कुसुमनेच करायचं. वाक्य एकच होतं. दार उघडून बाहेर यायचं आणि म्हणायचं, "चाय रखूँ?" त्यावर पानसेजींनी म्हणायचं, "इतने दिन कहाँ थी, दूध फट गया." मग सगळ्यांनी हसायचं.

कुसुमने हिरव्या काठाची साडी नेसली. फोटोतलीच, तिने ती जपून ठेवली होती. मी शेडमध्ये कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीवर बसले होते, म्हणून मला दोघेही दिसत होते. भाऊजी फोटोसमोर उभे राहून बोलत होते. काळ्या कापडामागून कुसुम आली, दार ढकललं आणि उजेडात उभी राहिली.

"चाय रखूँ?"

भाऊजी वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांचं वाक्य आलं नाही. ते एक पाऊल मागे सरले, तिपाईला अडखळले, आणि सावरून त्यांनी दोन्ही हात जोडले. देवाला जोडतात तसे नव्हेत. वाटेत काही दिसलं तर माणूस जोडतो तसे.

"अहो," कुसुम म्हणाली. हे तिच्या कागदावर नव्हतं. "अहो, मीच आहे."

"तुझं सगळं नीट केलं होतं गं," भाऊजी मराठीत म्हणाले, इतकं हळू की मला ते ओठांवरून कळलं. "मग काहून आलीस?"

दिग्दर्शक तरुण माणूस, तो टाळ्या वाजवत धावत आला. असा अभिनय त्याने पाहिला नव्हता म्हणे. दिव्यांवरचा एक म्हातारा कामगार मात्र शिडीवरून उतरून बाहेर निघून गेला. घरी जाताना गाडीत भाऊजी नेहमीसारखे झाले होते. "कसं केलं मी?" त्यांनी विचारलं. "एकदम खरं वाटलं की नाही?" कुसुमने त्यांचा हात हातात घेतला आणि नंतर मला म्हणाली, "ताई, ह्यांचाच हात गार होता."

तो भाग दाखवला तेव्हा कंपनीने त्यात संगीत घातलं होतं. दार आपोआप उघडल्यासारखं केलं होतं, कुसुमचं "चाय रखूँ" दुरून घुमत आल्यासारखं, आणि शेवटी ती हळूहळू विरत जाते आणि भिंतीवर फक्त फोटो उरतो. मेळा-बिळा सगळं कापलं होतं. बायकोचा आत्मा येऊन गेला, असं झालं ते. नील, तू मला पाठवला होतास तो तुकडा हाच. खाली किती लोकांनी काय काय लिहिलं होतं तेही तू सांगितलं होतंस.

भाऊजी कंपनीत गेले, भांडले, फोन केले. सही केलेली होती, इलाज नव्हता. परत आले आणि त्यांनी फ्रिजवरचा फोटो काढला. हार वेगळा केला आणि ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेत सोडला. मग बैठकीतली आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, ओट्याजवळ, येण्याजाण्याच्या वाटेत.

"इथे काहून ठेवून राहिले? पाय ठेवायला जागा नाही," कुसुम म्हणाली.

"असू दे. इथे कॅमेरा येत नाही."

पुढे मालिकेत त्यांनी काम केलं नाही. दिवसभर ते त्या खुर्चीत बसून मटार सोलत, पेपर वाचत, तिला गोष्टी सांगत. कुसुम पोळ्या लाटत असली की मध्येच तिचं मनगट धरत आणि डॉक्टरांसारखं बोट ठेवून बसत. "पोळी जळून राहिली, सोडा," ती म्हणे. ते म्हणत, "थांब. लागतेय." मी त्या दिवसांत गेले की दारातूनच बघत असे आणि आत जात नसे. एकदा त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, माझं काय चुकलं सांगू? मी तिच्याशी बोलायची सवय ठेवली, ऐकायची मोडली." आणि ते थांबले नाहीत, लगेच पुढचा मटार उचलला.

हिवाळा सरता सरता ते गेले. त्याच खुर्चीत, सकाळच्या चहानंतर. कुसुम म्हणते की मनगट त्यांच्याच हातात होतं, म्हणून तिला कळलं.

माणसं किती आली म्हणून सांगू. फॅक्टरीतले, मंडळातले, आणि त्यांच्यापेक्षा जास्त अनोळखी, मोटरसायकलवरून, गावागावांतून. सगळे बैठकीत शिरले की आधी भिंतीकडे बघत. मी भावजय, पांढऱ्या केसांची, दाराशी बसलेली, म्हणून हात मलाच जोडत होते. कुसुम कोपऱ्यात चटईवर होती. एक भली बाई आली, कटनीकडची असावी. तिच्या हातात झेंडूचे दोन हार होते. एक तिने भाऊजींना वाहिला. दुसरा घेऊन ती खोलीभर पाहू लागली. मग वाकून तिने कुसुमलाच विचारलं, "दीदी, भाभीजी की फोटो कहाँ है? दोनों अब साथ हो गए."

खोलीतले आमचे लोक गोठले. मी उठणार होते. कुसुमने डोळ्यांनीच मला बसवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"लाइए," ती म्हणाली. "मैं दे दूँगी उनको."

त्या बाईने हार दिला, तिच्या पायांना हात लावून, आणि समाधानाने गेली. तो हार कुसुमने मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत धरून बसली. पुढे त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

आता कुसुम माझ्याकडे राहते, मागच्या खोलीत. तब्येत चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली. एकच गोष्ट आहे. मालिकेचे जुने भाग अजून लागतात, संध्याकाळी समोरच्यांकडे, दिवसा खालच्या दुकानात, रस्त्याने जाणाऱ्यांच्या फोनवर. त्यात भाऊजींचा आवाज येतो, "कुसुम, सुनती हो?" पहिले काही दिवस ती प्रत्येक वेळी उठून उभी राहायची. आता उठत नाही. हातातलं काम थांबवते आणि ऐकते. हाकेमागून लोकांचं हसणं आलं, की हाक आपल्याला नाही असं समजून पुन्हा कामाला लागते. त्यामुळे झालं असं, की मी हाक मारली तरी ती लगेच उत्तर देत नाही. माझी हाक विरून जाईपर्यंत वाट बघते, कुणी हसतं का ते. मी घरात आहे, तिच्यापासून चार हातांवर आहे, आणि तरी मला उगाच दोनदा-तीनदा हाक मारावी लागते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी असं झालं की मलाही दुसरी हाक मारायला जीभ जड होते. हे तुम्हांला सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

रेवा, मागच्या महिन्यात व्हिडिओवर बोलताना माझ्यामागून ती डाळीचा डबा घेऊन गेली आणि तू फोन टाकून पळालीस. आईने मला नंतर सांगितलं. मी तुला रागावत नाही. तुला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पण तुझा तो चेहरा कुसुमआजीने पाहिला. तिने डबा जागेवर ठेवला आणि आरशासमोर जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

डिसेंबरमध्ये तुम्ही येणार आहात. माझे गुडघे आता जिन्यापर्यंत जाऊ देत नाहीत, तेव्हा दार तीच उघडेल. बिचकू नका. तिच्याकडे बघून त्या हारातल्या फोटोतली किंवा फोनमधली कुणी आठवू नका. नील, तू सामान खाली ठेव. रेवा, तू तिला आजी म्हणून हाक मार. उत्तर लगेच येणार नाही. हसू नकोस, मागे वळून बघू नकोस, पुन्हा हाक मार. ती 'ओ' देईपर्यंत दारातून हलू नका.